कोरा रकाना

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या कचेरीत ओल्या छत्र्यांचा, नव्या पाटीपुस्तकांचा आणि शाईचा मिळून एक वास पसरलेला असे. त्या आठवड्यात आम्ही शिक्षक कमी आणि कारकून अधिक असू. पहिलीच्या वर्गात दाखल होणाऱ्या मुलांची नावे जनरल रजिस्टरात उतरवून घेण्याचे काम, आमचे अक्षर बरे आहे या एकाच गुणावर, आमच्याकडे आले होते. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात. जन्मतारीख बहुधा अंदाजाने सांगितली जाई आणि ती आम्ही निमूटपणे लिहून घेत असू. त्या काळी निम्म्या गावाचा जन्म एक जूनला झालेला असे. मात्र पुढच्या दोन रकान्यांशी येताच आमचा हात जरा ताठ होई.

आम्ही मूळचे वसईचे. १९७८ साली नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूर जिल्ह्यात आलो आणि पन्हाळा तालुक्यातील कोडोलीस बिऱ्हाड केले. एका बाजूस जोतिबाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वारणेचे खोरे, आणि चोहीकडे ऊस. शेजारी वारणानगर. तात्यासाहेब कोरे हे याच कोडोलीचे. त्यांनी उभारलेल्या साखर कारखान्यामुळे माळाचे नगर झाले आणि हंगामात रात्रभर बैलगाड्यांच्या घुंगरांचा नाद आमच्या खिडकीशी येऊ लागला. कॅथलिक म्हणावीत अशी घरे आमच्या ओळखीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मिस्सेसाठी कोल्हापूर गाठावे लागे. तथापि ख्रिस्ती माणसांना कोडोलीत तोटा नव्हता. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात आलेल्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने कोडोलीस ठाणे केले, शाळा काढली, दवाखाना काढला, मंडळी स्थापिली. आम्ही ज्यास स्नानसंस्कार म्हणतो त्यास ते बाप्तिस्मा म्हणत, आमचे फादर तर त्यांचे पाळक. परंतु नाताळच्या रात्री गायनाचा आवाज कानी आला की हे भेद आम्हांला फारसे आठवत नसत, आणि त्या देवळाच्या मागच्या बाकावर आम्ही अनेकदा जाऊन बसलो आहोत.

१९८१ सालच्या जूनमध्ये असेच एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन आमच्या टेबलापाशी उभे राहिले. कारखान्यावर हंगामी मजुरी करीत. अंगावर धुतलेला सदरा, हातात टोपी. मुलाचे नाव बायबलातले होते. धर्माच्या रकान्याशी येऊन आम्ही वर पाहिले, तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले,

"गुरुजी, धर्माच्या जागी हिंदू लिवा. आन् जातीत महार."

"पण गेल्या नाताळात आम्ही तुम्हांला मिशनच्या देवळात पाहिले."

"व्हय की. दर ऐतवारी जातोय."

"मग खरे काय ते सांगा."

ते क्षणभर थांबले. "खरं दोन्ही हाय, गुरुजी. पर तुमच्या कागदात एकच मावतंय."

वाचकहो, आज हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळते. त्या दिवशी मात्र ती मुळीच अडखळली नाही. ज्याने माणसांपुढे मला नाकारले त्याला मीही नाकारीन, या अर्थाचे प्रभूचे शब्द आमच्या मनात होते. पोटासाठी श्रद्धा लपवणारा माणूस आमच्यापुढे उभा आहे, अशी आमची खात्री झाली होती. आम्ही धर्माच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत 'ख्रिस्ती' असे लिहिले. जातीच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. ख्रिस्तात ज्यू नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. मग महार कोठून असणार? त्या गृहस्थांनी रेघेकडे पाहिले, अंगठ्याशेजारची सही केली आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून ते निघून गेले. त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

आता त्या रकान्यांमागे सरकारदरबारी काय उभे होते ते सांगतो. कारण आमच्या धर्मग्रामांतून या विषयाची माहिती आश्चर्य वाटावे इतकी थोडी आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या सहीने अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले आहे की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने बौद्ध धर्माची भर घातली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. तीन ओळींचा तो परिच्छेद. त्याच्या निषेधार्थ गेली काही वर्षे आपल्या देशातील ख्रिस्ती मंडळी १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात, परंतु त्या दिवशी आपल्या मिस्सेत त्याचा उल्लेख झालेला आम्ही क्वचितच ऐकला आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गीयांत धरतात. म्हणजे दार अगदीच बंद नाही. मोठा दरवाजा बंद आणि खिडकी किलकिली, एवढेच. परंतु त्या खिडकीतून आत यायलाही पूर्वजांची जात कागदावर दाखवावी लागते. अनुसूचित जातीच्या दाव्यास १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाच्या दाव्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पडताळणी समितीपुढे ठेवावा लागतो. शाळेचा दाखला हा त्यांतला राजा. आणि त्या दाखल्यावर जातीच्या जागी आडवी रेघ असेल तर? तर तो माणूस सरकारच्या लेखी कोठूनही आलेला नसतो.

हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते, असे म्हणून मोकळे होता येईल. पण ते पुरते खरे नाही. ठाऊक करून घ्यावे असे आम्हांला वाटले नव्हते, कारण वसईच्या माणसाला तशी गरज कधी पडलीच नाही. आमच्या पूर्वजांनी पोर्तुगीज अमदानीत, १५३४ नंतरच्या दोनशे वर्षांत केव्हातरी क्रूस स्वीकारला. जमिनी राहिल्या, वाड्या राहिल्या, केळीचे बाग राहिले. सामवेदी, वाडवळ, कोळी ही नावेही राहिली, आणि सोयरीक जुळविताना ती अजून नीट आठवतात. आमच्या घरी थोरली माणसे पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत, "आम्ही मूळचे ब्राह्मण हो." जात विसरावी असा उपदेश आम्ही कोडोलीच्या त्या मजुरास केला, आपल्या आजोबांना मात्र तो करण्याचे धैर्य आम्हांला कधी झाले नाही. ज्याला जातीपासून लाभच झाला तो तिच्या रकान्यात सहज रेघ ओढू शकतो.

कोडोलीत पुढे अनेक वर्षे काढताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. सरकारच्या वहीत आपले नाव कोणत्या पानावर आहे, हा प्रश्न केवळ ख्रिस्त्यांचा नव्हता. गल्लीगल्लीत तो निरनिराळ्या रूपांत बसलेला होता. आमचे एक सहकारी जैन होते. दर वर्षी ते कुंभोजच्या बाहुबलीला जात आणि परत येताना आमच्या मुलांसाठी राजगिऱ्याचे लाडू आणीत. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा १९९२ साली झाला आणि २३ ऑक्टोबर १९९३ रोजी केंद्र सरकारने मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व पारशी हे पाच समाज अल्पसंख्याक म्हणून जाहीर केले. जैन त्यांत नव्हते. ते आले थेट २७ जानेवारी २०१४ रोजी. तोवर आमचे मित्र सेवानिवृत्त झाले होते. वर्तमानपत्र घेऊन ते आमच्याकडे आले आणि मिस्कीलपणे म्हणाले, "काल निजलो तेव्हा बहुसंख्य होतो, आज उठलो तो अल्पसंख्य. रात्रीत मी काही केले नाही हो!" आम्ही हसलो खरे. पण या हसण्यात वीस वर्षांचे अर्ज, शिष्टमंडळे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतची धाव होती हे ते जाणून होते.

लिंगायत बांधवांची गोष्ट आणखी निराळी. बाराव्या शतकातील बसवेश्वरांचा वारसा सांगणाऱ्या या समाजाला स्वतंत्र धर्म म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस कर्नाटक सरकारने मार्च २०१८ मध्ये केली. केंद्राने ती मानली नाही. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातही त्यासाठी मोर्चे निघाले. खुद्द एकाच घरात बापाला हा प्रश्न निरर्थक वाटे आणि मुलाला जिव्हाळ्याचा, असे आम्ही पाहिले आहे. याउलट २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा त्या मूठभर लोकांच्या आनंदाची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून आली आणि विरून गेली.

कोल्हापूरच्या मातीला हे खाते-वह्यांचे काम नवे नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला. जातवार वसतिगृहेही उभी राहिली. मराठ्यांचे, जैनांचे, लिंगायतांचे, मुसलमानांचे, अस्पृश्यांचे. आणि १९१५ साली इंडियन ख्रिश्चन होस्टेलही. जातीपातीस उत्तेजन देता की काय, अशी टीका त्यांच्यावर झाली. परंतु १९१९ साली त्यांनीच सरकारी शाळा व दवाखान्यांतून अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. जात मोडायची असली तरी ती आधी मोजावी लागते, हे त्या राजाला कळले होते. रजिस्टरावर बसलेल्या आम्हांला ते उमजले नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दहावी झाल्यावर १९९१ साली त्याला तांत्रिक शिक्षण घ्यायचे होते. फी माफीसाठी जातीचा दाखला हवा. तो मागायला गेला त्या कचेरीत शाळेचा दाखला पाहून त्याला परत पाठविले. अनुसूचित म्हणावे तर धर्म ख्रिस्ती, इतर मागास म्हणावे तर जात कोरी. त्याने शिक्षण सोडले आणि बापाच्या जागी हंगामी मजुरीस लागला. आम्हांला हे कित्येक वर्षे कळलेच नाही. वाटेत भेटे, "नमस्कार गुरुजी" म्हणे, नाताळात करंज्यांचे ताट पाठवी.

याच घराण्याची दुसरी शाखा तेथून दोन घरे पलीकडे राहते. आजोबा सख्खे भाऊ. एक मिशनच्या मंडळीत गेला. दुसऱ्याने बाबासाहेबांच्या मागोमाग, १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर, बौद्ध धर्म घेतला. महाराष्ट्र राज्य झाले त्या १९६० साली राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या; केंद्राच्या सवलतींसाठी त्यांना १९९० पर्यंत थांबावे लागले. ज्या वर्षी आमच्या विद्यार्थ्याने शिक्षण सोडले, त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या चुलतभावाला दार उघडले गेले होते. दोन्ही घरांची विहीर एक, कुलनाम एक, गावाने ज्या नजरेने पाहायचे ती नजरही एकच. भेद फक्त भिंतीवरच्या तसबिरीत. या चुलत भावंडांत मत्सर असेल अशी आमची कल्पना होती, पण ती खोटी ठरली. एप्रिलातल्या जयंतीला हे तिकडे जेवतात आणि नाताळला ते इकडे.

हा भेद न्यायाचा आहे काय, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. सुसाई नावाच्या मद्रासच्या एका ख्रिस्ती चांभाराने तो नेला. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणाऱ्यांना सरकारने खोकी दिली; याला मिळाले नाही, कारण तो ख्रिस्ती. १९८५ साली न्यायालयाने निकाल दिला की धर्मांतरानंतर ख्रिस्ती समाजातही तेच हाल तितक्याच तीव्रतेने चालू राहतात, असे पुराव्याने सिद्ध झालेले नाही. आमच्या मते यात ख्रिस्तसभेसाठी एक विलक्षण पेच आहे. आपल्या माणसाला सवलत मिळावी म्हणून आपण न्यायालयात काय सांगायचे? की आमच्यातही शिवाशीव आहे. आणि व्यासपीठावरून काय सांगायचे? की आम्ही सर्व एका पित्याची लेकरे. दोन्ही खरेच आहे. पण दोन्ही एकदम बोलायला जीभ वळत नाही. दक्षिणेतील काही धर्मग्रामांत मेलेल्यांनाही वेगळे ठेवणाऱ्या भिंती दफनभूमीत उभ्या होत्या, हे आपल्याला माहीत असते आणि आपण बोलत नाही. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि आपल्यात हा भेदभाव आहे याची उघड कबुली दिली. ते वाचून आम्हांला लाज वाटली आणि बरेही वाटले. पापनिवेदनातून उठल्यावर वाटते तसे.

न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने २००७ साली तो तिसरा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला. मध्यंतरी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. चर्चमध्ये नेमाने जायचे आणि नोकरीपुरते हिंदू म्हणवायचे, ही संविधानाशी प्रतारणा आहे असे न्यायालयाने म्हटले. त्या प्रकरणात तिच्या बालपणीच्या स्नानसंस्काराची नोंद पुरावा म्हणून पुढे आली होती. आपल्या धर्मग्रामाच्या वेदीमागच्या खोलीत कपाटात जी जाड वही असते, तीच ही. ज्या पानावर एका तान्ह्या बालिकेला देवाची लेक म्हणून लिहिले गेले, तेच पान तेहतीस वर्षांनी तिच्याविरुद्ध उघडले गेले.

कायदा पाहू जाता, १९८१ साली धर्माच्या रकान्यात आम्ही जे लिहिले ते बरोबरच होते. त्या मजुराने सांगितले तसे लिहिले असते तर तेही एक दिवस असेच उघडे पडले असते. या विचाराने आम्ही काही दिवस स्वतःचे समाधान करून घेतले. मग ध्यानात आले की आमचा अपराध त्या रकान्यात नव्हताच, पुढच्या रकान्यात होता.

याच सुमारास, २०२४ च्या नाताळात, युरोपात नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याचा दूरध्वनी आला. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, लिथुएनियात अग्निपूजकांना सरकारची मान्यता मिळाली." आम्हांला गंमत वाटली आणि आम्ही त्याच्याकडून सविस्तर माहिती घेतली. लिथुएनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा जेमतेम अठ्ठावीस लाख वस्तीचा देश. बहुसंख्य लोक आपल्यासारखे कॅथलिक. सोव्हिएत अमलात त्यांनी श्रद्धेसाठी जे सोसले ते आपण जाणतो; बुलडोझरांनी उखडलेले क्रूस पुन्हा पुन्हा रोवणाऱ्या त्या टेकडीचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. स्वतंत्र झाल्यावर १९९५ साली त्यांनी धार्मिक समाजांविषयी कायदा केला. नऊ समाज परंपरागत म्हणून त्यात नोंदले. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन तर होतेच, पण ज्यू आणि सुन्नी मुसलमानही होते, आणि काही शेकड्यांवर ज्यांची संख्या जात नाही असे कराइमही. हे मनाचे मोठेपणच. इतरांना मात्र नोंदणीनंतर पंचवीस वर्षे थांबून संसदेकडे मान्यता मागावी लागते. ती मिळाली की त्यांनी लावलेले लग्न कायद्याने ग्राह्य होते, त्यांचा धर्म शाळेत शिकविता येतो.

रोमुवा नावाचा एक पंथ आहे. १३८७ साली लिथुएनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यापूर्वीच्या देवदेवतांची, अग्नीची उपासना तो करतो. पंचवीस वर्षे थांबून त्याने अर्ज केला. संबंधित खात्याने अनुकूल मत दिले. तरीही २०१९ साली संसदेने मान्यता नाकारली. त्या मतदानापूर्वी देशाच्या बिशप परिषदेने खासदारांना पत्र पाठवून विरोध कळविला होता. रोमुवाचे लोक स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. जून २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकारने धर्माधर्मांत तटस्थ राहावे, बहुसंख्यांच्या श्रद्धेच्या तराजूने दुसऱ्याची श्रद्धा तोलू नये, असा त्याचा आशय होता. अखेर २०२४ मध्ये संसदेने मान्यता दिली.

"बिशपांनी विरोध केला?" आम्ही दोनदा विचारले.

"हो काका. तिथे आपण बहुसंख्य आहोत ना."

पुतण्या सहज बोलून गेला. आम्हांला मात्र त्या रात्री झोप लागेना. तेथील बिशपांची बाजू असेल. हा धर्म नसून लोकसंस्कृती आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले असेल. प्रामाणिकपणे तर आम्हांलाही वाटले होते. पण सारखी डोळ्यांपुढे येत होती ती धुतलेल्या सदऱ्यातील आकृती. त्या टेबलापुरते आम्ही बहुसंख्य होतो. लेखणी आमच्या हाती होती. समोरच्याने आपले नाव काय सांगावे आणि त्यातले किती मानावे, हे आम्ही ठरविले.

खरे तर त्या नाताळाच्या दोन वर्षे आधीच त्या रेघेने आम्हांला गाठले होते. २०२२ च्या मे महिन्यात आमचा तो विद्यार्थी घरी आला. केस पांढरे झालेले. धाकटी मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होईल अशी आशा होती आणि तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. ज्या गावात मिशनच्या दवाखान्याने तिच्या आजीची बाळंतपणे केली, तेथल्या मुलीने हे स्वप्न पाहावे यात नवल नाही. आता इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा होता. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. वंशावळ. बौद्ध झालेल्या चुलत आजोबांचा स्वातंत्र्यापूर्वीचा शाळेचा उतारा, ज्यावर 'महार' असे स्वच्छ लिहिले होते. चुलत घराने तो न मागता आणून दिला होता. शेवटी त्याचा स्वतःचा दाखला. धर्म ख्रिस्ती, जात, आडवी रेघ.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमचं अक्षर लई सुरेख होतं."

त्यात उपहास नव्हता. असता तर आम्हांला सोपे गेले असते.

वकिलांनी सुचविले होते की ज्या शिक्षकाने नोंद केली ते हयात असतील तर त्यांचे प्रतिज्ञापत्र जोडावे. त्याचे वजन फार पडणार नाही, भिस्त चुलत आजोबांच्या उताऱ्यावर. परंतु समितीने रेघेविषयी विचारले तर उत्तर हाताशी असावे. आम्ही होकार दिला. त्याचे वडील वारून बरीच वर्षे झाली होती. त्यांच्यापाशी बोलायचे राहून गेले होते ते निदान मुद्रांकावर तरी बोलावे असे वाटले.

तहसील कचेरीबाहेर टंकलेखकांची रांग असते. आता टंकयंत्रे जाऊन संगणक आले आहेत, पण कडुनिंबाची सावली आणि चहाची टपरी तीच. वकिलांनी मसुदा आणलाच होता. टंकलेखकाने तो भराभर उतरवून आम्हांला वाचून दाखविला: सदर विद्यार्थ्याच्या प्रवेशसमयी मी नोंदणीचे काम पाहत होतो, त्यावेळी जातीचा रकाना माझ्याकडून अनवधानाने कोरा राहिला.

आम्ही त्याला थांबविले. वकील म्हणाले, "काका, असेच लिहितात. अनवधानाने म्हटले की प्रश्न येत नाहीत." आमचा विद्यार्थीही संकोचला. "राहू द्या की गुरुजी," असे म्हणाला.

आम्ही त्यांना सांगितले की त्या दिवशी याच्या वडिलांनी स्वतःच्या तोंडाने आपली जात आम्हांला सांगितली होती आणि ती आम्ही ऐकली होती. वकिलांनी थोडा विचार केला. तसे असेल तर उलट बरेच आहे, असे म्हणून त्यांनी मान डोलावली. टंकलेखकाने ते वाक्य पुसले आणि आम्ही सांगत गेलो तसे नवे उतरवून घेतले: पालकांनी जात महार अशी स्पष्ट सांगितली असतानाही मी ती जाणूनबुजून लिहिली नाही.

त्याने कागद काढून दिला. आम्ही खिशातून पेन काढले आणि, वय झाल्याने हात थोडा कापत होता तरी, वाचता येईल अशी सही केली.